वाचक विचारतात : रिकिबीशिवाय घोडदळ लढायचं कसं?

प्रश्न : पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्याच्या शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णीची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्यायली, असं म्हटलंय. तेव्हाच्या स्वारांना रिकीब (खोगिराला लटकणारी, पाय ठेवायची कडी) होती का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आजच्यासारखी नव्हती. (आणि घोड्याला खरोखर समुद्राचं पाणी पाजू नये, ती प्रशस्ती आहे!) इ. स. पूर्व पहिल्या शतकातल्या सांचीच्या शिल्पांत फक्त अंगठा अडकवायचा फासा दिसतो. तो अनवाणी पायालाच चालतो. त्यात स्वार पडला की अंगठा अडकून फरफटत जाण्याची भीती. दोन्ही पायांची धातूची रिकीब चीनमध्ये चौथ्या शतकात आली, युरोपात त्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी.

म्हणून भाल्याचा हल्ला जमत नसे, असं मात्र नाही. इ. स. पूर्व 331 मध्ये पर्शियाविरुद्धच्या गौगामेलाच्या लढाईत अलेक्झांडरचे स्वार नुसत्या घडीवर (घोड्याच्या पाठीवर टाकलेल्या कापडावर) बसून भाले घेऊन घुसले. पकड सगळी मांड्यांची. रोमन खोगिराला चार कोपऱ्यांवर शिंगं असत, दोन पुढे, दोन मागे. त्यांत स्वार पाचरीसारखा बसे.

घडीचा खरा दोष वेगळा. स्वाराचं वजन थेट घोड्याच्या कण्यावर येतं, लांबच्या मजलीत पाठ सोलवटते. लाकडी सांगाड्याचं खोगीर तेच वजन कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर वाटून देतं. तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) सैल राहिला तर तेही सरकतं. घोडा तंग आवळताना पोट फुगवतो. चार पावलं चालवून पुन्हा आवळावा.