केअर होमचं रेटिंग वाचलंत, आता रविवारी संध्याकाळी जाऊन या

केअर होम, म्हणजे देखभाल करणारा वृद्धाश्रम, निवडायचं कसं? इंग्लंडमधून येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न वारंवार असतो. ताजं पत्र एका सुनेचं आहे: "सासूबाईंचा डिमेन्शिया वाढलाय. रात्री उठून दार उघडून बाहेर जातात. आम्ही दोघंही नोकरी करतो. जवळची दोन केअर होम बघून आलो. दोन्हींना 'गुड' रेटिंग आहे, दोन्हीकडची माणसं गोड बोलली. आता ठरवायचं कशावरून?"

आधी मनातला सल काढून टाकू. "ठेवलं का शेवटी?" असं विचारणारे नातेवाईक भेटणारच. रात्री तीन वाजता दारात आडवं उभं राहायला त्यांच्यापैकी कोणी येत नाही. हा विषय इथेच संपला.

आता रेटिंग. त्याच्या शेजारची तारीख बघितलीत का? इंग्लंडमध्ये केअर होमची तपासणी करतं केअर क्वालिटी कमिशन, म्हणजे सीक्यूसी. शेरे चार: आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट आणि इनॅडिक्वेट. मिळालेला शेरा दर्शनी भागात आणि वेबसाइटवर लावणं २०१५ पासून सक्तीचं आहे, त्यामुळे तो तुम्हाला दिसतोच. पण तो कधीचा आहे याकडे कोणी बघत नाही. २०२४ मध्ये डॉ. पेनी डॅश यांनी सरकारसाठी सीक्यूसीच्याच कारभाराचा आढावा घेतला. तपासण्या कोविडच्या आधीपेक्षा फारच कमी होताहेत आणि बरीच रेटिंग काही वर्षांपूर्वीची आहेत, हे त्यात उघड झालं. चार वर्षांपूर्वीचं 'गुड' हे चार वर्षांपूर्वीच्या माणसांना मिळालेलं असतं.

एकूण शेऱ्याच्या खाली पाच वेगळे शेरे असतात: सुरक्षितता, परिणामकारकता, आपुलकी, गरजेनुसार प्रतिसाद आणि नेतृत्व. पाचांतल्या एकात सुधारणा हवी असा शेरा असूनही एकूण शेरा 'गुड' राहू शकतो. तो एक सुरक्षिततेचा असेल तर? म्हणून मी आधी सुरक्षितता आणि नेतृत्व हे दोनच वाचते. मग पूर्ण अहवाल उघडायचा आणि नियमभंगाचा उल्लेख शोधायचा. औषधांच्या नोंदीत घोळ, अपुरा स्टाफ, कोणी पडलं तरी त्याची कारणं न शोधणं, असल्या ओळी असतील तर भेटीत थेट विचारायचं: "यानंतर काय बदललं?" उत्तर देताना चांगला मॅनेजर चिडत नाही, फाइल काढून दाखवतो. अहवालाच्या वेळचा मॅनेजर आज आहे का, हेही विचारा. दोन वर्षांत तीन मॅनेजर बदललेल्या होमचं रेटिंग कितीही चांगलं असलं तरी मी जपून पाऊल टाकेन.

(स्कॉटलंडमध्ये केअर इन्स्पेक्टोरेट १ ते ६ अशी श्रेणी देतं, ६ सर्वांत वरची. वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या यंत्रणा वेगळ्या आहेत. अहवाल आपापला बघा. डोळ्यांनी बघायच्या गोष्टी सगळीकडे सारख्याच.)

तुमची पहिली भेट ठरवून झाली असणार. तेव्हा रिसेप्शन, बाग आणि सगळ्यात मोठी खोली दाखवतात. त्यात गैर काही नाही, आपणही पाहुण्यांना बेडरूममधला पसारा दाखवत नाही. आता दुसऱ्यांदा जा, न कळवता, रविवारी संध्याकाळी. शनिवार-रविवारी मॅनेजर बहुधा नसतात, एजन्सीचा, म्हणजे बाहेरून तात्पुरता बोलावलेला, स्टाफ जास्त असतो आणि दिवसपाळी थकलेली असते. होमचा खरा कस तेव्हा लागतो. संसर्गाची साथ चालू असेल तर आत सोडणार नाहीत, तेही योग्यच. पण नकार कसा देतात, पुढची वेळ देतात की नुसतंच टोलवतात, यावरून बरंच कळतं.

आत गेलात की लाउंजमध्ये पंधरा-वीस मिनिटं गप्प बसा. बेल वाजली तर ती किती वेळ वाजत राहते ते बघा. बेल सगळीकडे वाजतातच, स्टाफला ती ऐकू येईनाशी झाली असेल तर मात्र गंभीर आहे. कोणाच्या खोलीत डोकावता आलं तर बेलचं बटण बिछान्यातल्या माणसाच्या हाताशी आहे की पलंगामागे पडलंय, हे पाहा. बाथरूममधली मदतीची लाल दोरी जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबत असायला हवी, कारण माणूस पडतो तो जमिनीवर. साफसफाईत आड येते म्हणून ती गाठ मारून वर बांधून ठेवलेली मी पाहिली आहे. अशी गाठ दिसली तर त्या मजल्यावर सुरक्षेचा विचार कोणी करत नाही, असं खुशाल समजा.

तिथेच असताना गरम पाण्याचंही विचारा. वृद्ध माणूस पूर्ण अंग बुडवतो त्या टबात नळाचं पाणी ४४ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये, असं ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागाचं मार्गदर्शन आहे. डिमेन्शियाच्या माणसाला चटका बसला तरी हात मागे घ्यायला वेळ लागतो. आंघोळीआधी पाणी थर्मामीटरने मोजतात का आणि नोंद कुठे ठेवतात, विचारा. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या १०० मिलिमीटरपेक्षा जास्त उघडता कामा नयेत. खिडकी स्वतः उघडून बघा, कोणी काही म्हणत नाही. माणसाला उचलायच्या होइस्टची तज्ज्ञाकडून तपासणी दर सहा महिन्यांनी व्हावी लागते, त्याची तारीख यंत्रावरच्या लेबलवर सहसा सापडते. आग अडवणाऱ्या दारांना खुर्च्या लावून ती उघडी ठेवलेली नाहीत ना? आणि हा एक प्रश्न नक्की: "रात्री दोन वाजता आग लागली तर आमच्या आईंना कोण आणि कसं बाहेर काढणार?" प्रत्येक रहिवाशासाठी याची वेगळी योजना लिहिलेली असायला हवी. "आमच्याकडे अलार्म आहे ना" हे त्याचं उत्तर होत नाही.

स्टाफबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. इतक्या रहिवाशांमागे इतकी माणसं, असा आकडा इंग्लंडच्या कायद्यात नाही. स्टाफ पुरेसा आणि लायक असावा, एवढंच बंधन आहे. म्हणून "रेशो काय?" विचारलंत तर गुळगुळीत उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: काल रात्री या मजल्यावर किती जण जागे होते, त्यांतले एजन्सीचे किती, आणि दोघांनी मिळून उठवावं लागतं असे रहिवासी किती? रात्री मजल्यावर दोनच माणसं असतील आणि ती दोघं एका खोलीत गुंतली, तर दारापर्यंत चालत आलेल्या तुमच्या सासूबाईंना कोण बघणार? तुमच्या पत्रातली मूळ अडचण तीच आहे, म्हणून मी यावर अडून बसेन.

दार कोडचं कुलूप लावून बंद असेल, तर त्याचीही रीत आहे. स्वतःचा निर्णय घेण्याची क्षमता उरली नसलेल्या माणसावर कायम देखरेख असेल आणि त्याला बाहेर पडू देत नसतील, तर होमला कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, रीतसर मंजुरी घ्यावी लागते. ती कशी घेतात, हे मॅनेजरला सांगता आलं पाहिजे.

आपल्याकडच्या कुटुंबांना इथे आणखी एक धक्का बसतो. मुलगा किंवा सून म्हणून आपोआप निर्णयाचा हक्क मिळत नाही. २००५ च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टप्रमाणे आरोग्य आणि देखभालीची लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी (आपल्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार लिहून देणं) लागते, आणि ती देणाऱ्याला ती काय आहे हे समजत असेपर्यंतच करता येते. सासूबाईंना अजून समजत असेल तर होम शोधण्याच्या आधी हे करा.

भाषेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डिमेन्शियात मागाहून शिकलेली भाषा बहुधा आधी सुटते. इतकी वर्षं दुकानात, बसमध्ये इंग्रजीत निभावून नेणारी बाई एक दिवस फक्त मराठीत बोलू लागते, आणि स्टाफ लिहितो, "चिडचिड करतात, सहकार्य करत नाहीत." प्रत्यक्षात त्यांची दाढ दुखत असते. बोलून सांगता न येणाऱ्याच्या वेदना कशा ओळखता, असं विचारा. चेहरा, कण्हणं, अंगाची हालचाल बघून गुण द्यायची ॲबी पेन स्केलसारखी पद्धत ते वापरत असतील तर चांगलं. तुमच्याकडून एक कागद द्या: 'दुखतंय', 'पाणी', 'नको', 'संडासला जायचंय', 'थंडी वाजते' हे शब्द रोमन लिपीत, त्यांच्या उच्चाराप्रमाणे, पुढे इंग्रजी अर्थ. तो कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा आणि केअर प्लॅनमध्येही लावायला सांगायचं. हिंदी किंवा गुजराती बोलणारी एखादी केअरर आहे म्हणून तेवढ्यावर होम निवडू नका. ती पुढच्या महिन्यात नोकरी बदलेल.

सासूबाई राहायला गेल्या की त्यांच्या नोंदी अधूनमधून बघायला मागा. दुसऱ्यांच्या बघता येणार नाहीत, आणि दाखवल्या तर ते होम वाईट. पाणी प्यायल्याचा तक्ता बघा: दहा वाजता २०० मिलिलिटर, बारा वाजता २००, दोन वाजता २००, सगळं एका हाताचं, एका दमात लिहिलेलं. असा तक्ता माणसाला पाणी पाजून झालेला नसतो, पाळी संपताना भरलेला असतो. वजनाचा तक्ताही बघा. मनात नसताना तीन ते सहा महिन्यांत वजन १० टक्क्यांहून जास्त उतरलं, तर कुपोषणाच्या चाचणीत माणूस थेट जास्त धोक्याच्या गटात जातो. "वय झालं, जेवण कमी झालं" एवढ्यावर गप्प बसू नका.

तक्रारीची भीती बऱ्याच पत्रांत असते, "आपण बोललो तर राग त्यांच्यावर काढतील" अशी. बोलाच, पण ईमेलवर, तारीख-वेळ घालून. सीक्यूसी एकेका कुटुंबाची तक्रार सोडवत नाही. कळवा जरूर, त्यांच्या पुढच्या तपासणीला उपयोग होतो. तक्रार आधी होमकडे, तिथे निकाल लागला नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन या स्वतंत्र तक्रार-निवारकाकडे. होमचे पैसे तुम्ही स्वतः भरत असलात तरी ओम्बड्समनकडे जाता येतं. मारहाण, उपासमार, अंगावर कारण सांगता न येणारे वळ असं काही दिसलं तर यातलं काहीच करत बसू नका, कौन्सिलच्या ॲडल्ट सेफगार्डिंगला (प्रौढांच्या संरक्षणाचा विभाग) त्याच दिवशी फोन करा. जिवाला धोका असेल तर ९९९ हा आणीबाणीचा नंबर. आणि तक्रार केली म्हणून तुमचं भेटायला येणं बंद करता येत नाही. एप्रिल २०२४ पासून भेटीगाठींचा हक्क नियमातच आहे, आणि तो अगदी अपवादात्मक परिस्थितीतच रोखता येतो.

करारावर सही करण्याआधी पहिले काही आठवडे चाचणीचे ठेवता येतात का, आणि त्यात सोडायचं झालं तर किती दिवसांची नोटीस, हे लेखी घ्या. तुमच्याकडच्या दोन होमपैकी एखादं दोन आठवड्यांचा रेस्पाइट स्टे, म्हणजे तात्पुरता मुक्काम, देत असेल तर तो आधी घ्या. त्या दोन आठवड्यांत वेगवेगळ्या वेळी जा, एकदा रात्री नऊलाही.