इंग्लंडला निघताना मूत्रपिंडविकाराची फाइल

आपण इंदूरहून विचारले आहे की, यजमान नोकरीनिमित्त इंग्लंडला येणार आहेत, त्यांचा मूत्रपिंडविकार तिसऱ्या टप्प्यात आहे, तर इथे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रपिंडाचा तज्ज्ञ, कसा गाठायचा. मीही इंदूरच्या रामबागेतलीच असल्याने आपली सवय मला ठाऊक आहे: सकाळी रक्त द्यायचे आणि संध्याकाळी रिपोर्ट घेऊन थेट मोठ्या डॉक्टरांकडे जायचे. इथे मात्र तज्ज्ञांकडे जीपीच, म्हणजे ज्यांच्याकडे आपली नोंदणी असते ते डॉक्टर, पाठवतात. आणि पुष्कळदा ते तज्ज्ञांचा लेखी सल्ला मागवून उपचार स्वतःच चालू ठेवतात. पाच वर्षांत मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका हिशेबाने ५ टक्क्यांहून अधिक निघाला, किंवा वर्षभरात ई-जीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे रक्त किती गाळतात याचा अंदाजी आकडा, १५ वा त्याहून अधिक अंकांनी घसरून तसाच राहिला, तर रुग्णाला तज्ज्ञांकडे पाठवावे, असे उपचारांचे निकष सुचवणाऱ्या इथल्या 'नाइस' या संस्थेचे मार्गदर्शन आहे.

ही घसरण एका रिपोर्टवरून कळत नाही, म्हणून जुने आकडे सोबत हवेतच. निदान, गेल्या दोन-तीन वर्षांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा रक्तातील टाकाऊ पदार्थ) व ई-जीएफआर, लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि सोनोग्राफीचा निष्कर्ष हे सारे इंदूरच्या डॉक्टरांकडून एका पानावर तारीखवार लिहून घ्यावे. एकके अवश्य लिहावीत, कारण आपल्याकडचे १.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर क्रिएटिनिन इथे १५९ मायक्रोमोल प्रति लिटर असे छापून येते आणि तो आकडा पाहून घरची माणसे हबकतात. औषधेही ब्रँडच्या नव्हे, मूळ नावाने लिहावीत.

माझ्या मते खरी अडचण तज्ज्ञांची भेट झाल्यानंतर येते. माझ्या दिरांची रॅमिप्रिल या रक्तदाबाच्या औषधाची मात्रा रुग्णालयात वाढवली, पण तसे पत्र जीपीकडे उशिरा पोचले; त्यामुळे पुढच्या गोळ्या जुन्याच मात्रेच्या मिळाल्या आणि मात्रा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत करायची पोटॅशियम व क्रिएटिनिनची तपासणीही राहून गेली. आता आम्ही रुग्णालयाच्या प्रत्येक पत्राची प्रत मागून घेतो आणि औषध बदलले की जीपीकडे फोन करून बदलाची नोंद झाली का, तपासणी कधी, हे विचारतो. आपणही यात मुळीच संकोच करू नये.

नोंदणी पोचल्याबरोबर करावी आणि पहिली भेट लांबली तरी खंड पडणार नाही इतकी औषधे चिठ्ठीसह हाताशी ठेवावीत. मूत्रपिंडाला अपाय करू शकणारे आयबुप्रोफेन हे वेदनाशामक इथे किराणा घेतो त्या सुपरमार्केटातही मिळते. अंगदुखीसाठी यजमानांनी ते परस्पर घेऊ नये, आणि घरून काढा किंवा भस्म आणणार असाल तर तेही जीपींना पहिल्याच भेटीत सांगावे.