ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाबू का?

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी मी सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली. दोन सीटांची, ३०० हॉर्सपॉवरची, ताकद मागच्या चाकांना. रविवारी पहाटे आमचा ग्रुप ताम्हिणी घाटात जातो. त्यातले जुने लोक म्हणतात, ट्रॅक्शन कंट्रोल नवशिक्यांसाठी असतं, त्याने पिकअप मरतो, बंद करून टाक. पावसाळा तोंडावर आलाय. काय करू?
— एक वाचक, बावधन

उत्तर : चालू ठेवा. पाय जास्त दाबला गेला आणि चाकं घसरायला लागली, की इंजिनची ताकद आवरणारी ही यंत्रणा आहे. रस्त्यावर असताना त्या बटणाला हात लावू नका.

आधी ‘नवशिक्यांसाठी’ या शब्दाबद्दल. १९९२ मध्ये नायजेल मॅन्सेल विल्यम्सच्या ज्या गाडीतून फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला, तिच्यात ट्रॅक्शन कंट्रोल होतं. १९९४ पासून त्यावर बंदी आली. २००१ मध्ये ती उठवावी लागली, कारण कोणी सॉफ्टवेअरमध्ये लपवून ते वापरतंय का, हे तपासणं अवघड झालं होतं. २००८ मध्ये सगळ्या संघांना एकच ठरावीक ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, सक्तीचा केला आणि पुन्हा बंदी घातली. ज्याने गाडी हळू होते, ते कोणी लपवून कशाला वापरेल?

प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा एक सेन्सर असतो, जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं एबीएसही त्यावरच चालतं. मागची चाकं पुढच्यांपेक्षा जास्त फिरायला लागली की ती घसरतायत हे कॉम्प्युटरला कळतं. तो इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडून इंजिनची ताकद कमी करतो, थ्रॉटल मिटतो, आणि एकच चाक जागेवर फिरत असेल तर तेवढ्या चाकाला ब्रेक लावतो. टायरची पकड सगळ्यात जास्त असते ती चाक थोडंसं घसरत असताना. कोरड्या डांबरावर साधारण १० ते २० टक्के, म्हणजे गाडीच्या वेगापेक्षा चाक तेवढं जास्त फिरत असताना. त्याच्या पुढे नुसता धूर आणि जळक्या रबराचा वास. म्हणजे तुमच्या मित्रांना जो पिकअप मेला असं वाटतं, तो रस्त्यावर उतरणारच नव्हता. जुन्या गाड्यांत ही यंत्रणा धसमुसळी होती हे खरं. गाडी एकदम मान टाकायची. त्यांचं मत तेव्हाचं असेल.

वळणावर हिशोब आणखी कडक होतो. टायरकडे पकड ठरावीक असते. वळण्यात बरीचशी खर्च झाली की गाडी पुढे ढकलायला थोडीच उरते. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, ते इथे शब्दशः लागू आहे. अंथरूण टायरचं, पाय आपला.

हे मला एका गिऱ्हाइकाच्या गाडीने शिकवलं. अशीच मागच्या चाकांवर चालणारी गाडी, डॅशबोर्डवर एबीएस आणि ट्रॅक्शन दोन्ही दिवे कायमचे लागलेले. आधीच्या गॅरेजने ‘दिवा आहे, लागू दे’ म्हणून सोडून दिलं होतं. जूनचा पहिला आठवडा, रस्ता जेमतेम ओला होईल एवढा शिडकावा. चार-पाच महिन्यांचं ऑइल आणि धूळ पाण्यावर तरंगून येते तो दिवस. ट्रायलला निघालो, चांदणी चौकाच्या रॅम्पवर दुसऱ्या गिअरमध्ये होतो. वळण संपायच्या थोडं आधी ॲक्सिलरेटर दाबला, फार नाही, रोज दाबतो तेवढाच. मागचा भाग असा सुटला, की स्टिअरिंग उलटं फिरवेपर्यंत गाडी आडवी होऊन कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. हात थरथरत होते, पाच मिनिटं तशीच गाडी बाजूला लावून बसलो.

गॅरेजमध्ये चाक काढलं तर डावीकडच्या मागच्या सेन्सरची वायर सस्पेन्शनच्या आर्मजवळ घासून तुटलेली, टोकाशी हिरवी बुरशी चढलेली. वायर जोडली, सेन्सरच्या तोंडावर चिकटलेला लोखंडाचा भुसा पुसला. दोन्ही दिवे गेले. संध्याकाळी त्याच रॅम्पवर, तेवढाच ओलावा, तोच गिअर. या वेळी आणखी सांभाळून होतो, तरी डॅशवरचा दिवा दोन-तीनदा लुकलुकला, इंजिनने क्षणभर श्वास रोखला आणि गाडी सरळ निघाली. त्या दिवसापासून हा दिवा लागलेली गाडी मी तशीच परत देत नाही.

आता ते काय करत नाही, तेही ऐका. ट्रॅक्शन कंट्रोल पकड निर्माण करत नाही. वळणात जास्त वेगाने शिरलात, तर ते काही करू शकत नाही. ते काम ईएससीचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलचं. ती १९९५ मध्ये मर्सिडीजमध्ये आली. गाडी स्वतःभोवती किती वळतेय आणि स्टिअरिंग कुठे आहे, हे ताडून ती एकेका चाकाला ब्रेक लावते. तुमच्या गाडीत दोन्ही आहे का, मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच गाड्यांत बटण एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन बंद होतं आणि काही सेकंद धरून ठेवलं की ईएससीही जाते. पोर्शच्या ६१२ हॉर्सपॉवरच्या कॅरेरा जीटीला ट्रॅक्शन कंट्रोल होतं, ईएससी नव्हती. एक आहे म्हणजे दुसरं असेलच असं धरू नका.

आणि टायर. सेकंडहँड घेतलीत म्हणून मुद्दाम सांगतो. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनंतरच्या आकड्यांतले शेवटचे चार बघा. १४१८ म्हणजे २०१८ चा चौदावा आठवडा. नक्षी दिसत असली तरी इतकं जुनं रबर दगडासारखं कडक झालेलं असतं. मागच्या दोन टायरांत एक नवा आणि एक गोटा असं तर मुळीच नको. दोघांचा घेर वेगळा पडतो, ती चाकं सरळ रस्त्यावरही वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि कॉम्प्युटर विनाकारण गोंधळतो. पावसाआधी पैसे घालायचे असतील तर इथे घाला.

बंद कधी करायचं? मुळशीच्या बाजूला कच्च्या पार्किंगमध्ये चिखलात चाक रुतलं तर. तिथे थोडं फिरूनच चाक बाहेर पडतं, आणि यंत्रणा ताकदच काढून घेते. गाडी निघाली की पुन्हा चालू. दुसरी जागा म्हणजे ट्रॅक, शेजारी शिकवणारा बसलेला असताना. ताम्हिणीत मात्र नको. तिथे पुढच्या वळणावर धबधब्याचं पाणी रस्त्यावर असतं आणि फोटो काढायला पोरं रस्त्यात उभी असतात.

प्रश्न : पावसात चढावर गाडी निघताना ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकतो. बिघाड आहे का?
— एक वाचक, वारजे

उत्तर : नाही. लुकलुकतोय म्हणजे यंत्रणा काम करतेय, पाय थोडा हलका करा. दिवा न विझता लागून राहिला तर आधी बटण चुकून दाबलं गेलंय का बघा. सोबत एबीएसचाही दिवा असेल तर सेन्सर किंवा वायर तपासून घ्या. गॅरेजपर्यंत गाडी हळू आणा, एबीएस बंद असल्याने जोरात ब्रेक दाबला तर चाकं लॉक होतील.