फिलाडेल्फियाला यावे का? गुणसूत्रे आणि जन्मजात हृदयदोषांवर काम करणाऱ्या सहकाऱ्याला उत्तर

पुण्यात पीएच.डी. झाली आहे, अमेरिकेत फिलाडेल्फियात 22क्यू11.2 डिलीशन (बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असणे) आणि जन्मजात हृदयदोष या विषयावर पोस्टडॉकची जागा मिळते आहे, मुलगा पहिलीत आहे आणि निघावे की नाही हे ठरत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. व्हिसाचे नियम दूतावासाच्या संकेतस्थळावर आहेत, ते मी सांगत नाही. मी याच शहरात याच विषयावर काम करतो आणि तुमच्या प्रश्नाने माझ्याच मनातले बरेच काही वर आले, म्हणून सविस्तर लिहितो.

कामासाठी याहून योग्य शहर मला माहीत नाही. 1965 साली थायमस या छातीतल्या, रोगप्रतिकारशक्ती घडवणाऱ्या ग्रंथीविना जन्मलेल्या बालकांकडे लक्ष वेधणारे डॉक्टर अँजेलो डायजॉर्ज इथलेच; त्यामागे बहुतेकदा हेच डिलीशन असते, हे पुढे कळले. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमन्यांचे दोष असलेल्या 251 रुग्णांची तपासणी इथल्या संशोधकांनी 1998 साली प्रसिद्ध केली. महाधमनीची कमान खंडित असलेल्यांपैकी निम्म्या, ट्रंकस आर्टेरिओससच्या (हृदयातून दोनऐवजी एकच मोठी धमनी निघते) सुमारे एकतृतीयांश आणि टेट्रालॉजी ऑफ फॅलोच्या (चार दोष एकत्र असलेला हृदयविकार) साधारण सहापैकी एका रुग्णात त्यांना हे डिलीशन सापडले. गुणसूत्राच्या ठरावीक भागांवर चमकणारे रंग चिकटवणाऱ्या फिश तपासणीत पेशीकेंद्रकात तुलनेसाठीचे हिरवे ठिपके दोन आणि या तुकड्याची खूण असलेला लाल एकच दिसतो, तेव्हा बाळाच्या हृदयाचे, टाळूचे आणि कॅल्शियमचे कोडे एकदम उलगडते. तो क्षण मला आजही तितकाच मोलाचा वाटतो.

पण तो लाल ठिपका कोणाच्या बाळाचा, हे मला इथे ठाऊक नसते. नमुन्याच्या नळीवर फक्त क्रमांक असतो. मुंबईत ओपीडीत बसत होतो तेव्हा फाटलेल्या टाळूचे, निळसर पडणारे बाळ मांडीवर घेऊन एक आई आली होती. ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, असे सासरी सगळे म्हणत होते. बाविसाव्या गुणसूत्रावर एकमेकांसारखे दिसणारे भाग एकमेकांच्या जवळ असल्यामुळे बीजपेशी तयार होताना जोडणी चुकते आणि सुमारे 30 लाख बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) तुकडा गळतो, दहापैकी नऊ वेळा तो आईवडिलांपैकी कोणातच गळालेला नसतो, तिच्या हातून काहीही घडलेले नाही, हे मी तिला मराठीत सांगितले. ते ऐकून ती सासूकडे वळली आणि म्हणाली, "ऐकलंत का?" इतके उपयोगाचे वाक्य मी त्यानंतर कोणत्याही परिषदेत बोललेलो नाही.

एकटेपणाबद्दलही तुम्ही विचारले आहे. मंडळाचा गणपती असतो, रविवारची मराठी शाळा असते, माणसे भेटतात. त्याची फार चिंता करू नका.

शाळेची मात्र करा. भारतातील सरकारी लसीकरणात गालगुंड आणि कांजिण्यांची लस नसते, त्यामुळे आमचे महापालिकेच्या दवाखान्याचे कार्ड अपुरे ठरले आणि मुलगा घरी बसून राहिला. पुढे शाळेने इंग्रजीतून चाचणी घेऊन 'भाषाविकासात विलंब' असा शेरा दिला आणि घरीही इंग्रजीच बोलावे असे सुचवले. तो मुलगा मराठी गोष्टींची पुस्तके घडाघडा वाचत होता. आमच्या विषयात मूल उशिरा बोलले किंवा नाकातून बोलले तर आधी टाळू आणि कान तपासा, असे आम्ही शिकवतो. माझ्या मुलाला त्याच्या भाषेत एक प्रश्नसुद्धा विचारला गेला नाही, आणि आता तो मला इंग्रजीतच उत्तर देतो. ही सल गेलेली नाही. विशेष शिक्षणासाठीचे मूल्यमापन शक्य तिथे मुलाच्या मातृभाषेत करावे, अशी इथल्या कायद्यात तरतूद आहे. ती मागावी लागते. पहिल्याच बैठकीत लेखी मागा.

तरीही माझे मत विचाराल तर या. 2017 साली आलेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवले की या डिलीशनची चेहऱ्यावरची लक्षणे निरनिराळ्या वंशांत सारखी दिसत नाहीत. म्हणजे युरोपीय चेहऱ्यांवरून लिहिलेल्या वर्णनाच्या आधारे आपली मुले निसटतात. ही उणीव भरून काढायला तुमच्यासारखी माणसे हवीत. मात्र होकार देण्यापूर्वी प्रकल्पात भारतातील रुग्णांची माहिती येणार आहे का, हे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना विचारा, नमुने देशाबाहेर पाठवण्याच्या परवानग्यांचे काम पुण्यात असतानाच सुरू करा, आणि पुण्यातल्या बालहृदयरोगतज्ज्ञांशी दरमहा एक ठरलेला फोन ठेवा.