निकेलचा रुपया चिकटतो, मग निकेलवालं स्टील का नाही?

प्रश्न : आजोबांच्या डब्यात जुनी नाणी सापडली. मुलीने फ्रिजवरचं चुंबक लावून बघितलं तर १९५० चा रुपया टक्कन चिकटला, १९८५ चा मात्र हललाही नाही. दोन्ही निकेलचेच ना? आणि भांड्यांच्या दुकानात सांगतात, चुंबक चिकटलं नाही म्हणजे चांगलं निकेलवालं स्टील. खरं काय समजायचं? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आधी मुलीला शाबासकी द्या, हातात चुंबक घेऊन बघायचं सुचलं हेच मला फार आवडलं. नेहमीच्या वापरातले चुंबकाला जोरात चिकटणारे धातू तीनच, लोखंड, कोबाल्ट आणि निकेल. १९५० चा रुपया शुद्ध निकेलचा, म्हणून चिकटला. १९८५ च्या रुपयात ७५ टक्के तांबं आणि फक्त २५ टक्के निकेल आहे, दिसायला पांढरा दिसतो कारण एवढंसं निकेलसुद्धा तांब्याचा लालपणा पार घालवतं. निकेलच्या अणूत काही इलेक्ट्रॉन जोडीदाराशिवाय असतात, चुंबकत्व त्यांच्यामुळे येतं, पण सोबत इतकं तांबं असलं की तांब्याकडचे जादा इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागा भरून टाकतात, मग चिकटणार कसं!

स्टीलमधली गोष्ट वेगळी आहे. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि बाकी बहुतेक लोखंडच असतं. लोखंड ९१२ अंशांच्या वर तापवलं की त्याच्या अणूंची मांडणी बदलते, आणि निकेलमुळे तीच मांडणी आपल्या स्वयंपाकघरातल्या तापमानालाही टिकून राहते. त्या मांडणीत लोखंड चुंबकाला दाद देत नाही. घरात स्टीलचं सिंक असेल तर मधल्या सपाट भागाला चुंबक लावा आणि मग कोपऱ्यात लावा, कोपऱ्यात बऱ्याचदा हलकीशी ओढ जाणवते, कारण पत्रा दाबून वळवताना तिथली मांडणी थोडी बिघडलेली असते.

दुकानदाराचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. २०० सिरीजच्या स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, तेही चिकटत नाही, पण डाग आणि गंज लवकर धरतं. म्हणून नुसत्या चुंबकावर जाऊ नका, ग्रेड विचारा आणि बिलावर लिहून घ्या. उलट ४३० नंबरचं स्टील चिकटतं तरी ते अस्सल स्टेनलेसच आहे, इंडक्शनच्या भांड्यांच्या बुडाला असंच चिकटणारं स्टील लागतं.

आणि हो, शुद्ध निकेलसुद्धा ३५५ अंशांच्या आसपास तापलं की चुंबकाला सोडून देतं, गार झालं की परत चिकटतं. पण आजोबांच्या रुपयावर हा प्रयोग प्लीज करू नका.

प्रश्न : आर्टिफिशियल कानातलं घातलं की कान खाजतो, लाल होतो. निकेलमुळे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : बहुतेक वेळा हो. घामाने निकेल थोडं थोडं सुटतं आणि त्वचेत जातं. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. टायटॅनियमचं कानातलं वापरून बघा, पण आता कान चिघळला असेल तर सगळं काढून ठेवा आणि आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.