ब्रश हातात घेववत नाही, म्हणून कला सोडावी का? धुळ्याच्या ताईंना उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की व्यक्तिचित्रांच्या चार ऑर्डरी रखडल्यात, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे सुट्टीतले क्लास दोन वेळा चालतात, मार्चपासून जलरंगाचा एकही वॉश, म्हणजे रंगाचा पातळ सलग थर, नीट बसलेला नाही, आणि म्हणून हातच गेलाय असं वाटतंय. कला सोडायची की नाही हे आत्ता मे महिन्यात ठरवू नका. यात तीन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्यात आणि त्यातली एक तर तुमची नाहीच, उन्हाची आहे.

आधी तीच सोडवू. आपल्याकडे या दिवसांत पारा ४२-४४ अंशांवर असतो, हवा कोरडी ठाक. आकाशाचा वॉश निम्म्यावर येईतो वरची कड वाळलेली असते; तिला पुढचा ओला ब्रश लागला की कडक रेघ उमटते, नाहीतर पाणी मागे सरकून डाग पडतो. पावसाळ्यात याच हाताने, याच कागदावर हे होत नाही. मोठे वॉश सकाळी साडेआठच्या आत उरका. ३०० जीएसएमचा जाड कॉटन कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर किंवा ॲक्रिलिक शीटवर चिकटवा, म्हणजे खालून ओल टिकते. रंग आधीच वाटीत लागेल त्याच्या दुप्पट कालवून ठेवा. बरेच वॉश मध्येच रंग संपल्याने फाटतात. कूलर चालू राहू द्या, दमट हवा कामाचीच आहे, फक्त झोत कागदावर नको. पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब चालतात. जास्त झालं तर रंग चिकट राहतो आणि जूनमध्ये पुन्हा ओलसर होतो.

आता खरा थकवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची व्याख्या केली, तीत तीन खुणा आहेत: शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. संघटनेने त्याला आजार म्हटलेलं नाही, कामातल्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटलंय. म्हणून नुसती सुट्टी घेऊन भागत नाही. आठ दिवस माहेरी जाऊन आलात तरी त्या चार ऑर्डरी फोनमध्ये तशाच असतील.

तुमच्या चारही ऑर्डरी वारलेल्या माणसांच्या आहेत, ही साधी बाब नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या पासपोर्ट फोटोत डोळ्यांची कड, ओठांचा कोपरा दिसतच नाही. तो तुम्ही अंदाजाने भरता, मग घरचे म्हणतात, "बाबा असे दिसत नव्हते." चूक फोटोची आणि दुःख त्यांचं, पण भार तुमच्यावर येतो. आजच चौघांना कळवा: "चित्र घाईत करायचं नाही. २० जूनला पेन्सिलचं रेखाटन दाखवते, ते पसंत पडल्यावर महिन्याभरात पूर्ण देते. थांबणं शक्य नसेल तर आगाऊ रक्कम परत करते." यात आजाराचं कारण देऊ नका, माफीही एकदाच मागा. बहुतेक लोक थांबतात. त्यांना तारीख हवी असते. जो थांबणार नाही त्याचे पैसे खरंच परत करा, ते स्वस्त पडतं.

क्लासचं दुखणं वेगळं. रोज तोच माठ, तीच घडीची चादर, तेच स्मरणचित्र तपासताना नजर फक्त चुका शोधायला शिकते, आणि घरी आल्यावर तीच नजर तुमच्या कागदावर पडते. क्लास आणि स्वतःचं काम यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा, शक्य असेल तर स्वतःचं काम आधी. क्लासचे रंग आणि ब्रशही वेगळे असू द्या.

जळगावच्या रावेर-यावलकडचा जाणता शेतकरी शक्यतो केळीवर केळी घेत नाही, मध्ये बेवड बघतो, म्हणजे दुसरं पीक घेतो. त्याच मातीत तीच मुळं राहिली की मुळांना लागणारे सूत्रकृमी वाढतात. मूग-उडीद किंवा ताग घेतला की जमीन सावरते. तुम्हालाही पडीक राहायचं नाहीये, पीक बदलायचंय. जूनमध्ये ऑर्डर हाती घेईपर्यंत जलरंगातली चित्रं आणि चेहरे दोन्ही बंद. शाडू, कागदाच्या घड्या, काळ्या शाईचे ठसे, काहीही चालेल, फक्त ज्यात तुमचं नाव झालेलं नाही असं घ्या. चाळीसगावचे केकी मूस छायाचित्रकार म्हणून ओळखले जातात, पण चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्या असं कितीतरी काम त्यांनी आपल्या एका घरात केलं. तिथे आता संग्रहालय आहे. एक दिवस जाऊन या, आणि जाताना वही नेऊ नका.

तिसऱ्या आठवड्यापासून रोज २० मिनिटं, गजर लावून. ए-थ्री कागदाचे आठ तुकडे करा. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा), एवढेच दोन रंग. त्यांतून उबदार तपकिरीपासून थंड राखाडीपर्यंत सगळं निघतं आणि रंग निवडण्यात डोकं शिणत नाही. फक्त छटांच्या पट्ट्या आणि डाग. चित्र नको, हे फार महत्त्वाचं. गजर वाजला की ब्रश धुवायचा, मजा येत असली तरी. तुकडे डब्यात उलटे ठेवा, महिनाभर बघू नका, स्टेटसला लावू नका. बहुतेकांचं घसरतं ते इथेच: चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटतं, लगेच तीन फुटी कॅनव्हास काढतात, तो अर्धवट राहतो आणि आधीपेक्षा वाईट वाटतं.

झोप उडालीय, जेवण जात नाही, चित्रच काय, आवडत्या माणसांशी बोलणंही नको वाटतंय आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मनगट किंवा अंगठा दुखत असेल तर तेही दाखवा. दुखरा हात माणसाला कामापासून गुपचूप लांब नेतो.

जूनमध्ये पहिली ऑर्डर हाती घ्याल ती सर्वांत जुनी नको, ज्या माणसाचा फोटो सर्वांत चांगला आहे ती घ्या. इथून पुढे तीन फोटो मागायचे, त्यांतला एक तरी खिडकीच्या उजेडातला. अर्धी रक्कम आगाऊ, पाव रेखाटन पसंत पडल्यावर, उरलेली चित्र देताना. दुरुस्त्या दोन, त्यापुढे पैसे वेगळे. हे मेसेजमध्ये लिहून घ्या आणि त्यावर "ठीक आहे" आल्याशिवाय कागद कापू नका.