मुलगी बोर्डिंगला, तेही मुलं-मुली एकत्र असलेल्या शाळेत?

मुलगी आठवीत. वडिलांचं बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप, घर अनगोळला. नववीपासून तिला पाचगणीकडच्या एखाद्या खासगी निवासी शाळेत घालावं असं वडिलांच्या मनात. आईची हरकत शाळेला नाही, मुलं-मुली एकत्र असण्याला आहे. आज्जीची हरकत सगळ्यालाच: "एवढीशी पोर लांब कशाला धाडूलास गा?" मुलीला (आपण तिला सायली म्हणू) कुणीच काही विचारलेलं नव्हतं. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातून आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो, म्हणून या घराच्या निमित्ताने जरा सविस्तर.

आधी आईची भीती. सहशिक्षणाच्या निवासी शाळेत वर्ग, मेस, मैदान आणि वाचनालय एकत्र असतं. राहण्याच्या इमारती वेगळ्या असतात, त्यांच्या वॉर्डन आणि मेट्रनही (मुलांची देखभाल करणाऱ्या बाई) वेगळ्या. एवढं कोणतीही शाळा सांगते, माहितीपत्रकातही छापते. त्यामुळे "हॉस्टेल वेगळं आहे ना?" या प्रश्नाचा उपयोग शून्य. विचारायचं ते दुपारी चारनंतरचं. वर्ग सुटल्यापासून सकाळी घंटा होईपर्यंत मूल कुणाच्या नजरेखाली असतं, ते तासातासाने विचारायचं. मैदानावर कोण? संध्याकाळच्या अभ्यासाला कोण बसतं? जेवण झाल्यावर दिवे मालवेपर्यंतच्या वेळात प्रत्येक मजल्यावर मोठं माणूस कोण? रात्री मेट्रन त्याच मजल्यावर झोपतात की कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला क्वार्टरमध्ये? त्यांची साप्ताहिक सुट्टी कधी, आणि त्या दिवशी त्यांच्या जागी कोण? हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर देताना अडखळतात ते इथेच. बदली माणूस नेमलेला नसेल तर आठवड्यातली एक रात्र मुली मोठ्या मुलींच्या भरवशावर असतात, आणि त्रास द्यायचा झाला तर तो मोठ्या मुलीही देतात. आईच्या डोक्यात धोका म्हणजे फक्त मुलगे होते. निवासी शाळेत छळाच्या बऱ्याच तक्रारी आपल्याच हॉस्टेलातल्या थोरल्यांबद्दल असतात, हे तिला सांगावं लागलं. म्हणून नववीची मुलगी कोणत्या वयाच्या मुलींबरोबर खोलीत असेल, हेही विचारायचं.

मुलामुलींबद्दल थेट प्रश्न एकच ठेवायचा, आणि तो मुख्याध्यापकांनाच विचारायचा: "पंधरा वर्षांच्या दोन मुलांची जवळीक वाढलेली दिसली तर तुम्ही काय करता?" "आमच्याकडे तसं काही होतच नाही" असं उत्तर आलं तर ती शाळा यादीतून काढा. होतं सगळीकडे. चांगलं उत्तर साधारण असं असतं: शाळेच्या समुपदेशक दोघांशी वेगवेगळं बोलतात, दोन्ही घरी कळवतात, नियम दोघांना सारखा, एकट्या मुलीला घरी पाठवलं जात नाही. पुढचा प्रश्न लैंगिक छळाच्या तक्रारीचा. पॉक्सो हा २०१२चा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे, मुलग्यांनाही. असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं त्यात बंधनकारक आहे आणि न कळवणं गुन्हा आहे. "आम्ही संस्थेची बदनामी होऊ देत नाही, आतल्या आत मिटवतो" हे काही ठिकाणी अभिमानाने सांगितलं जातं. ते ऐकलं की चहा तसाच ठेवून उठा.

सायलीशी वेगळं बोलणं झालं तेव्हा तिसरीच गोष्ट पुढे आली. तिला जायचं होतं, पण कारण पाचगणी नव्हतं. कन्नडच्या पेपरात ती मागे पडत होती, आणि बाहेरच्या शाळेत गेलं की तो पेपर सुटेल असा तिचा हिशेब. हिशेब खोटा नाही. बाहेरच्या राज्यातल्या सीबीएसई किंवा आयसीएसई शाळेत कन्नड बहुधा नसतंच. पण त्याच्या जागी दुसरी भाषा येते, सहसा हिंदी, आणि नववीच्या पातळीची. मराठी हवी असेल तर ती त्या शाळेत दहावीपर्यंत खरंच शिकवतात का, शिक्षक आहेत का, हे लेखी विचारावं. बोर्डाच्या विषययादीत मराठी असणं म्हणजे शाळेत असणं नव्हे. शिवाय पुढे कर्नाटकात सरकारी नोकरी करायची झाली तर कन्नड लागतंच. हे ऐकून सायलीने मन बदललं नाही. मात्र सुट्टीत कन्नड वाचन चालू ठेवायचं तिने स्वतःहून कबूल केलं. तिची दुसरी काळजी आईपेक्षा फार व्यवहारी होती: पाळी आली तर मध्यरात्री पॅड कुठे मिळणार, आणि बाथरूमची कडी आतून लागते का.

आता वडिलांचा भाग. त्यांना मुलीला इंजिनीअर करायचं होतं आणि शाळा ठरवायची होती डोंगर, घोडेस्वारी, इंग्रजी बघून. सीमाभागातल्या पालकाने त्याआधी कागद बघायचे असतात, कारण आपल्याकडे नववी ते बारावी बाहेर काढलेलं मूल प्रवेशाच्या वेळी ना इकडचं ना तिकडचं होऊ शकतं.

कर्नाटकाच्या सीईटीतून सरकारी कोट्याची जागा हवी असेल तर नेहमीचं कलम असं आहे: पहिली ते बारावीत किमान सात शैक्षणिक वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं, आणि दहावी किंवा बारावी यापैकी एक परीक्षा कर्नाटकातून पास झालेली असावी. सायलीची पहिली ते आठवी बेळगावात, म्हणजे सात वर्षांची अट पुरी. पण दहावी आणि बारावी दोन्ही बाहेर झाल्या तर हे कलम निसटतं. (इतर कलमं आहेत. ती बहुतेक सैन्यातल्या आणि केंद्र सरकारच्या नोकरदारांच्या मुलांसाठी वगैरे.) मग आपल्याच मच्छे गावात मुख्यालय असलेल्या व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) कॉलेजात सरकारी कोट्यातून शिरायला अडचण.

महाराष्ट्राच्या इंजिनीअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळा प्रकार आहे, प्रकार ई. पण त्यासाठी दहावी किंवा बारावी वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून झालेली लागते. दोन्ही पाचगणीत झाल्या तर हाही दरवाजा बंद. उरतो महाराष्ट्राचा सर्वसाधारण प्रकार अ: दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, आणि शिवाय मूल महाराष्ट्राचं अधिवासी किंवा महाराष्ट्रात जन्मलेलं. बेळगावात जन्मून तिथेच वाढलेल्या मुलाकडे यातलं दुसरं काहीच नसतं.

इथे सायलीच्या आईने कपाटातून जन्मदाखला काढून आणला. पहिलं बाळंतपण माहेरी, गडहिंग्लजला. जन्म महाराष्ट्रातला! आपल्याकडे चंदगड, आजरा, गडहिंग्लजच्या कितीतरी लेकी बेळगाव-खानापुरात दिलेल्या आहेत, आणि त्यांच्या थोरल्या मुलांच्या दाखल्यावर जन्मस्थळ महाराष्ट्रातलं असतं. कुणाच्या लक्षात नसतं इतकंच. धाकटा भाऊ बेळगावच्या दवाखान्यात जन्मलेला, त्याला हा फायदा नाही. म्हणून या घरात दोन रस्ते खुले राहिले: नववी-दहावी बाहेर आणि पीयूसी (अकरावी-बारावी) बेळगावात, म्हणजे कर्नाटकाची सीईटी शाबूत आणि प्रकार ईसुद्धा, नाहीतर चारही वर्षं महाराष्ट्रात आणि प्रकार अ. नववी-दहावी उटी किंवा डेहराडूनला आणि अकरावी-बारावी पुण्यात, असली खिचडी मात्र करू नये. मेडिकलच्या अटी वेगळ्या आहेत, त्या इंजिनीअरिंगवरून ताडू नयेत. दोन्ही सीईटींची माहितीपुस्तिका दरवर्षी निघते. ज्या वर्षी निर्णय घ्याल त्या वर्षीची वाचा. आणि जातीचा दाखला राज्य ओलांडत नाही. कर्नाटकातला ३ब (तिथल्या मागासवर्गीय आरक्षणातला एक गट) महाराष्ट्रात चालत नाही.

शाळेचेही कागद असतात. "सीबीएसई पॅटर्न" म्हणजे सीबीएसई संलग्नता नव्हे. संलग्नता क्रमांक मागून घ्या आणि बोर्डाच्या संकेतस्थळावर तपासा: दहावीपर्यंतच आहे की बारावीपर्यंत, मुदत कधी संपते. दोन्ही बोर्डांत दहावीची नोंदणी नववीतच होते, म्हणून बदल करायचा तर नववीच्या सुरुवातीला. मेसचा अन्नपरवाना, अग्निशमनाचा दाखला, पाणी तपासल्याचा ताजा अहवाल आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी हे मागायला संकोच करू नये. चांगली शाळा फाईल पुढे करते.

फीबद्दल थोडक्यात, कारण हिशेब वडिलांना आमच्यापेक्षा चांगला येत होता, फक्त त्यांनी एकाच वर्षाचा केला होता. समजा वार्षिक फी ४ लाख आणि दरवर्षी १० टक्के वाढ. चार वर्षांचे १६ लाख नाही, १८ लाख ५६ हजार ४०० होतात. त्यावर प्रवेश फी (परत मिळत नाही), अनामत (मिळते, पण कधी ते लिहून घ्या), गणवेश, धुलाई, सहली, औषधपाणी आणि शाळेकडे ठेवायचे खर्चाचे पैसे. मूल मध्येच काढलं तर किती आधी कळवायचं आणि किती फी बुडते, ते कलम सही करण्याआधी वाचा.

शाळा बघायला कधी जायचं, तर जुलैत, भर पावसात. कोल्हापूर, कराड, सातारा, वाई असा रस्ता, गाडीने साधारण सहा तास धरा. पाचगणीत उन्हाळ्यात सगळंच छान दिसतं. पावसात कळतं की कपडे वाळतात कुठे. वाळवणीची खोली किंवा ड्रायर नसेल तर मुली ओलसर कपडे घालतात आणि जांघेत, बोटांच्या बेचक्यात नायटा होतो, हे दरवर्षीचं. संध्याकाळी चारच्या सुमाराला पोचा, म्हणजे वर्ग नव्हे तर हॉस्टेल बघता येईल. कड्या हलवून बघा. गरम पाणी किती वाजता येतं, किती मुलींना पुरतं ते विचारा. आजारी खोलीत जा. तिथे नर्स रात्रीची असते का, जवळचं हॉस्पिटल किती लांब. हॉस्टेलात प्लंबर, इलेक्ट्रिशियन आला तर बरोबर कोण जातं. फोन कोणत्या दिवशी, आणि मुलीला कुणी न ऐकता बोलता येतं का. तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे.

मग शाळेला सांगा, आम्हाला दोन विद्यार्थिनी फिरवू देत, शिक्षक नकोत. सायलीच्या आईने एका ठिकाणी असंच फिरताना विचारलं, "रात्री पोटात दुखलं तर कुणाला उठवतेस गं?" मुलीने क्षणभरही न थांबता मेट्रनचं नाव घेतलं आणि त्यांच्या दाराकडे बोट केलं. आदल्या दिवशी बघितलेल्या, इमारतीने कितीतरी देखण्या शाळेत दोन मुली एकमेकींकडे बघत राहिल्या होत्या, मग म्हणाल्या, "सकाळी सांगतो." सहशिक्षणाबद्दलचा आईचा निम्मा विरोध या एका उत्तराने गेला, उरलेला निम्मा राहिला. तो राहू द्यावा. आईने सावध असण्यात काही वाईट नाही.

काही मुलांना आम्ही थांबवतो. घरात आईवडिलांचं भांडण पेटलेलं आहे म्हणून दूर ठेवायचं असेल, मोबाइलची शिक्षा म्हणून पाठवायचं असेल, किंवा मूल आधीच महिनोन्‌महिने गप्प गप्प, झोप-भूक उडालेलं असेल, तर बोर्डिंग औषध नाही. आधी ते बघायचं.

फी हेच अडसर असेल तर खासगी शाळेचा हट्ट सोडून चिकोडी तालुक्यातल्या कोथळीचं नवोदय, बेळगावचं मिलिटरी स्कूल किंवा विजयपूर, साताऱ्याची सैनिक शाळा बघावी. सैनिक शाळांत २०२१-२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. तिथे प्रवेशपरीक्षा आहे आणि दारं मुख्यतः सहावी आणि नववीतच उघडतात, तेव्हा आठवी संपताना नव्हे, आठवी सुरू होताना चौकशी करावी.

पहिल्या सहा आठवड्यांबद्दल सायलीच्या घरी तीन गोष्टी ठरल्या. रडत फोन आला तर ऐकून घ्यायचं, पण त्याच रात्री गाडी काढायची नाही. बहुतेक मुलं फोन ठेवून दहा मिनिटांत जेवायला पळतात. "नाही आवडलं तर लगेच आणू" असं म्हणायचं नाही, दिवाळीच्या सुट्टीत बसून बोलू असं म्हणायचं. आणि आज्जीने फोनवर "जेवलीस काय?" एवढंच विचारायचं, "आठवण येते काय?" नाही. घरच्या आठवणीचं रडू आठवड्यागणिक ओसरतं. ते वाढत गेलं, दोन आठवडे जेवण-झोप सुधारलीच नाही, मूल फोनवर यायलाच नको म्हणू लागलं किंवा एकाच माणसाचं नाव निघताच गप्प झालं, तर न कळवता जाऊन उभं राहावं. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन मुलीला तोंडपाठ असू दे.

प्रवेश पक्का झाल्यावर राहिलं टीसीचं. इंग्रजीत मागा, नाव आणि जन्मस्थळ जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, बाहेरच्या राज्यासाठी बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची प्रतिस्वाक्षरी करून घ्या, आणि सॅट्स नंबर (कर्नाटकातला विद्यार्थी क्रमांक) व यूडायसचा पेन नंबर (देशभर चालणारा कायम विद्यार्थी क्रमांक) शाळेकडून लिहून आणा. निकाल लागला की बीईओ ऑफिसात गर्दी होते, म्हणून अर्ज मार्चमध्येच देऊन ठेवा. मूल यंदा दहावीत असलेल्या पालकांनी आता हलवाहलव करू नये. दहावीला थेट प्रवेश बोर्ड सहसा देत नाही. अकरावीला जावं, आणि ते ठरवण्याआधी वरचं सात वर्षांचं कलम पुन्हा एकदा वाचावं.